ओपन सोर्स प्रकल्पाचं डॉक्युमेंटेशन नव्या सीएमएसमध्ये कसं हलवायचं

डॉक्युमेंटेशन हलवायचं ठरलं की पहिली चर्चा हमखास एकाच प्रश्नावर रंगते: नवी सीएमएस, म्हणजे मजकूर सांभाळून साइटवर दाखवणारी सिस्टीम, कोणती घ्यायची? ड्रुपल की वर्डप्रेस, स्फिंक्स की ह्यूगो, की विकीच ठेवून फक्त तिची आवृत्ती वाढवायची? यात आठवडे जातात आणि प्रत्यक्ष हलवाहलव उरलेल्या चार दिवसांत उरकली जाते. मला वाटतं, वेळेची वाटणी उलटी हवी. सिस्टीमची निवड चुकली तर दोन वर्षांनी पुन्हा बदलता येते. पण हलवताना पानांचे पत्ते तुटले, कोणी काय लिहिलं याची नोंद गेली किंवा कमांडमधलं एखादं चिन्ह नकळत बदललं, तर ते निस्तरायला माणसं कुठून आणायची? ओपन सोर्समध्ये डॉक्युमेंटेशनवर काम करणारे हात मुळातच मोजके असतात.

पुढचं सगळं ज्या एका नियमावर उभं आहे तो आधीच सांगते. मजकुराचं रूपांतर हाताने करायचं नाही. ते करणारी स्क्रिप्ट लिहायची आणि अगदी शेवटच्या दिवसापर्यंत ती पुन्हा पुन्हा, दर वेळी मूळ मजकुरापासून चालवायची. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचं डॉक्युमेंटेशन पूर्वी लाटेक या मांडणीच्या भाषेत होतं. ते रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या साध्या खुणांच्या मजकूर-रूपात नेताना गिऑर्ग ब्रांडल यांनी रूपांतर करणारा प्रोग्रॅमच लिहिला, आणि त्याच खटपटीतून २००८मध्ये स्फिंक्स हे डॉक्युमेंटेशनची पानं बनवणारं साधन सगळ्यांच्या हाती आलं. हाताने पानं उतरवत बसले असते तर मधल्या काळात लाटेकच्या फायलींमध्ये होणारे बदल नव्या रूपात आणणं केवळ अशक्य झालं असतं.

## हलवायचं नेमकं कशासाठी

कारण एका वाक्यात लिहून काढा आणि टीममध्ये सगळ्यांना दाखवा. "विकीवर स्पॅम आवरत नाही", "प्रत्येक आवृत्तीचं वेगळं डॉक्युमेंटेशन ठेवता येत नाही", "जुन्या सिस्टीमला सुरक्षेचे अपडेट येणं बंद झालं" ही खरी कारणं आहेत. "कोणी लिहीतच नाही" हे मात्र हलवण्याचं कारण नव्हे. लिहिणारी माणसं नसतील तर नव्या घरातही खोल्या रिकाम्याच राहतील.

निवड करताना मी एकच गोष्ट सगळ्यात आधी बघते: सध्या दुरुस्त्या कोण करतं? विकीवर येऊन एखादी चूक सुधारणारे बरेच लोक प्रोग्रॅमर नसतात. त्यांना उद्यापासून गिट ही बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली, तिच्यातल्या ब्रँच आणि पुल रिक्वेस्ट शिका म्हटलं तर त्यातले बहुतेक परत येणार नाहीत. उलट डॉक्युमेंटेशन लिहिणारे सगळे डेव्हलपरच असतील, तर कोडशेजारी एकाच रिपॉझिटरीत राहणारी साधी टेक्स्ट फाइल त्यांना सर्वांत सोयीची. ड्रुपल किंवा वर्डप्रेससारख्या ब्राउझरमधून संपादन होणाऱ्या सिस्टीममध्ये हा अडसर नसतो, पण आवृत्त्या सांभाळण्याची व्यवस्था तुम्हाला स्वतः उभी करावी लागते. दोन्ही बाजूंचं हवं असेल तर गिटवर चालणारी, पण ब्राउझरमधून संपादन करू देणारी सिस्टीम बघा.

आणखी दोन प्रश्न विचारून घ्या. पानाचा पत्ता आपल्याला हवा तसा ठरवता येतो का? आणि या सिस्टीममधून सगळं पुन्हा बाहेर काढता येईल का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "बघू नंतर" असं आलं, तर ती सिस्टीम यादीतून काढा.

## आधी मोजदाद

हे काम कंटाळवाणं आहे आणि सर्वांत महत्त्वाचंही. एक स्प्रेडशीट उघडा. प्रत्येक ओळीत एक पान: जुना पत्ता, शीर्षक, शेवटचा बदल कधी, महिन्याला किती वेळा उघडलं जातं, निर्णय, नवा पत्ता, तपासणाऱ्याचं नाव.

पानांची यादी डेटाबेसमधून किंवा साइटमॅपमधून मिळते, पण तेवढ्यावर थांबू नका. वेब सर्व्हरचा ॲक्सेस लॉग काढा, त्यात तीन तऱ्हेचे पत्ते सापडतात. पहिले, जे लोक खरोखर उघडतात. दुसरे, ज्यांवर आजच ४०४ ('पान सापडलं नाही') येतंय, म्हणजे आधीच्या एखाद्या हलवाहलवीत तुटलेले. तिसरे, तेच पान दाखवणारे वेगवेगळ्या रूपातले पत्ते. मीडियाविकी या विकी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकच पान छोट्या सुबक पत्त्यावरही उघडतं आणि 'इंडेक्स डॉट पीएचपी'च्या पुढे प्रश्नचिन्ह देऊन शीर्षक लिहिलेल्या लांब पत्त्यावरही. शोध, जुन्या आवृत्त्या आणि फरक दाखवणाऱ्या दुव्यांमधून हे लांब पत्ते जगभर पसरलेले असतात. रिडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर वळवणारे नियम, लिहिताना सुबक पत्ते सगळ्यांना आठवतात, लांब पत्ते राहून जातात.

यानंतरची पायरी बहुतेक मार्गदर्शनात नसते, म्हणून तिच्यावर जरा थांबते. प्रकल्पाच्या सोर्स कोडमध्ये स्वतःच्या डॉक्युमेंटेशनच्या डोमेनचं नाव शोधा. एरर मेसेजमध्ये "अधिक माहितीसाठी इथे पाहा" असा पत्ता छापलेला असतो. कमांडच्या मदतीच्या पानाच्या, म्हणजे मॅन पेजच्या, तळाशी असतो. नमुन्याच्या कॉन्फिग फायलीतल्या टिपांमध्ये असतो, मदतीच्या मेनूत असतो, पॅकेजच्या वर्णनात असतो. नव्या आवृत्तीत हे पत्ते बदलता येतील. पण लोकांच्या मशीनवर बसलेली जुनी आवृत्ती जुनाच पत्ता दाखवत राहणार. उबुंटू लिनक्सच्या एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या, आवृत्तीला नेहमीचा आधारच ५ वर्षांचा असतो, म्हणजे तिच्यासोबत गेलेला तुमचा एरर मेसेज किमान तेवढी वर्षं लोकांना त्या पत्त्यावर पाठवणार. आणि हा वाचक सगळ्यात अडलेला असतो. त्याच्या स्क्रीनवर एरर आहे, हातात एकच दुवा आहे. तो दुवा मेला तर आपण त्याला वाऱ्यावर सोडल्यासारखं होतं. हे पत्ते स्प्रेडशीटमध्ये ठळक रंगात ठेवा. पान ठेवायचं की टाकायचं हा निर्णय त्यांच्यापुरता घेऊन झालेला आहे: ठेवायचं.

बाकीच्या पानांसाठी चारच निर्णय पुरतात: जसंच्या तसं न्यायचं, दुसऱ्या पानात मिसळायचं, "जुनं" असा शिक्का मारून संग्रहात ठेवायचं, टाकायचं. "पुन्हा लिहायचं" हा निर्णय या यादीत मुद्दाम नाही. हलवता हलवता मजकूर सुधारायचा मोह सगळ्यांना होतो, आणि त्यातच अशी कामं महिनोनमहिने रखडतात. शिवाय नंतर एखादं वाक्य चुकलेलं दिसलं तर ते रूपांतरात बिघडलं की कोणी बदललं, हे कळायला मार्ग राहत नाही. सुधारणांची वेगळी यादी करा, काम नव्या घरी गेल्यावर सुरू करा.

## परवाना आणि श्रेय

विकीवरचा मजकूर शेकडो जणांनी लिहिलेला असतो आणि त्याचा हक्क त्यांच्याकडे असतो. प्रकल्पाच्या कोडचा परवाना एक, डॉक्युमेंटेशनचा दुसरा, असं सर्रास दिसतं. त्यामुळे नव्या साइटच्या तळाशी सोयीचा परवाना चिकटवण्याआधी जुन्या साइटवर काय लिहिलं होतं ते बघा. ग्नू फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्सखाली लिहिलेला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये नेण्याची एक खिडकी २००८मध्ये आलेल्या १.३ आवृत्तीने विकींसाठी उघडली होती. विकिपीडियाने तिचाच उपयोग केला. ती १ ऑगस्ट २००९ रोजी बंद झाली. आज तसा बदल करायचा तर लेखकांची संमती हवी. नसेल तर जुना परवानाच पुढे न्या, त्यात कमीपणा काही नाही.

श्रेयाचा सोपा मार्ग म्हणजे संपूर्ण इतिहास सोबत नेणं. गिटमध्ये जात असाल तर विकीवरचा प्रत्येक बदल एक कमिट म्हणून, मूळ तारीख आणि मूळ सदस्यनावासह आणता येतो. गिटचं 'फास्ट-इंपोर्ट' याच कामासाठी आहे. ईमेलच्या रकान्यात मात्र डेटाबेसमधले खरे ईमेल पत्ते टाकू नका. लोकांनी ते खातं उघडण्यापुरते दिले होते, जगजाहीर करण्यासाठी नव्हे. सदस्यनावावरून बनवलेला निनावी पत्ता पुरतो. ज्यांना आपलं नाव आणि ईमेल हवं आहे ते सांगतील, तेवढा वेळ द्या.

इतिहास नेणं जमणारच नसेल तर निदान प्रत्येक पानाच्या लेखकांची यादी काढून एका फायलीत ठेवा आणि पानाच्या तळातून तिथे दुवा द्या.

## मजकूर बाहेर काढणं

शक्य तिथे कच्चा मजकूर काढा, ब्राउझरमध्ये दिसणारं एचटीएमएल नको. मीडियाविकीत 'डंपबॅकअप' ही देखभालीची स्क्रिप्ट पूर्ण इतिहासासह एक्सएमएल देते. चित्रं आणि इतर अपलोड त्यात येत नाहीत, तो फोल्डर वेगळा उचलावा लागतो. मॉइनमॉइन या दुसऱ्या विकी सॉफ्टवेअरमध्ये पानं डेटाबेसऐवजी थेट फायलींत असतात, त्यामुळे तिथून काढणं सोपं. जुनी सिस्टीम इतकी मोडलेली असेल की आतून काही निघत नाही, तरच साइट क्रॉल करून एचटीएमएल घ्या आणि त्यातला मधला मजकुराचा भाग कापा.

हे काम लिनक्सवरच करा. मीडियाविकीत शीर्षकाचं पहिलं अक्षर सोडलं तर लहान-मोठ्या अक्षरांत फरक केला जातो. मॅक आणि विंडोजच्या फाइल सिस्टीम सहसा तो करत नाहीत. दोन पानांच्या नावात एवढाच फरक असेल तर निर्यात करताना एक फाइल दुसरीवर लिहिली जाते. कुठलीही चूक दाखवली जात नाही, एक पान फक्त नाहीसं होतं. म्हणून निर्यात झाल्याबरोबर डेटाबेसमधल्या पानांची संख्या आणि डिस्कवरच्या फायलींची संख्या जुळवून बघा.

## रूपांतर, पुन्हा पुन्हा

इथे बहुतेकांचं मुख्य हत्यार म्हणजे पॅनडॉक, मजकूर एका रूपातून दुसऱ्यात बदलणारं साधन. मीडियाविकी, डोकूविकी, डॉकबुक, लाटेक, एचटीएमएल असं बरंच काही ते वाचतं आणि मार्कडाउन किंवा रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट लिहितं. पण नुसतं पॅनडॉक पुरत नाही. त्याच्या आधी एक साफसफाईची पायरी लागते आणि नंतर एक दुरुस्तीची. मी फोल्डर असे ठेवते: 'मूळ', ज्याला कोणी हात लावायचा नाही, 'साफ', ज्यात विकीचे साचे (अनेक पानांत वापरलेले मजकुराचे तयार तुकडे) उलगडलेले, आणि 'तयार', जे नव्या सिस्टीमला द्यायचं. 'तयार' फोल्डर दर वेळी पूर्ण पुसून नव्याने बनवायचा. त्यात काही चुकलेलं दिसलं तर तिथे दुरुस्ती करायची नाही, ती स्क्रिप्टमध्ये करायची. एखाद्याच पानापुरती चूक असेल तर पॅच फाइल ठेवायची आणि स्क्रिप्टनेच ती लावायची.

ड्रुपलमध्ये जात असाल तर हीच शिस्त तिथल्या मायग्रेट व्यवस्थेत तयारच मिळते. कुठून घ्यायचं, त्यावर काय प्रक्रिया करायची आणि कुठे ठेवायचं हे तीन भाग वेगळे लिहायचे. जुनी नोंद कोणती आणि तिची नवी कोणती याचा तक्ता ती स्वतः ठेवते, त्यामुळे सगळं मागे घेऊन पुन्हा चालवता येतं.

आता, जिथे खरंच पाय घसरतो त्या जागा.

पहिली जागा: दोन हायफन. मी सहभागी असलेल्या एका कामात साइट नव्या रूपात सुरू झाली, सगळे खूश होते, आणि दोन दिवसांनी एकाने विचारलं की डॉक्युमेंटेशनमधली कमांड चालत का नाही. मी पान उघडलं. कमांड बरोबर दिसत होती. ती निवडून टर्मिनलमध्ये टाकली तेव्हा एरर आली. मग एकेक अक्षर तपासलं: '--हेल्प'च्या जागी '–हेल्प' झालं होतं. दोन हायफनची एक लांब रेघ झाली होती. पॅनडॉक आपलं मार्कडाउन वाचताना 'स्मार्ट' नावाचा विस्तार मुळातच चालू ठेवतं, तो सरळ अवतरणचिन्हांना वळण देतो आणि दोन हायफनची रेघ करतो. कोड म्हणून खूण केलेल्या मजकुराला तो हात लावत नाही. पण विकीवर लोकांनी कितीतरी कमांड साध्या वाक्यातच लिहिलेल्या असतात, त्या सापडतात. असाच उद्योग वर्डप्रेस आणि स्फिंक्सही पान दाखवताना करतात. म्हणून हा विस्तार वाचताना आणि लिहिताना दोन्हीकडे बंद करा, नव्या सिस्टीममधली तशी सोय बंद करा आणि 'तयार' फोल्डरमध्ये अक्षराला चिकटलेली लांब रेघ शोधणारी एक चाचणी कायमची लावून ठेवा. तसाच शोध न तुटणाऱ्या स्पेसचाही घ्या. कोडमध्ये ती घुसली तर डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि शेलला कमांड समजत नाही.

दुसरी जागा: अक्षरांचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत. जुन्या डेटाबेसमध्ये यूटीएफ-८ बाइट लॅटिन-१ म्हणून साठवलेले असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. देवनागरीचं प्रत्येक अक्षर किंवा मात्रा यूटीएफ-८मध्ये ३ बाइट घेते आणि त्यातला पहिला बाइट कायम एकच असतो. ते लॅटिन-१ समजून वाचलं गेलं की डोक्यावर तिरपी रेघ असलेलं रोमन लिपीतलं लहान 'ए' दर अक्षरामागे उगवतं. हे चिन्ह ओळीत ठरावीक अंतराने येत असेल तर निदान झालंच समजा. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये आणखी एक खाच आहे: तिथलं 'यूटीएफ८' नावाचं जुनं एन्कोडिंग एका अक्षराला ३ बाइटच देतं. इमोजीला ४ लागतात. कडक मोड बंद असेल तर इमोजी येताच त्यापुढचा सगळा मजकूर कापला जातो आणि फक्त एक इशारा नोंदवला जातो. नवा डेटाबेस 'यूटीएफ८एमबी४' वरच बनवा.

याच कुळातली तिसरी खोड मराठी पानांना नेमकी बाधते. 'दुसऱ्या' या शब्दातला 'ऱ' युनिकोडमध्ये एकसंध अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि 'र' अधिक नुक्ता असा सुटाही. डोळ्यांना दोन्ही सारखेच, बाइट वेगळे. फायलीच्या नावात एक रूप आणि दुव्यात दुसरं आलं की दुवा तुटतो, आणि बघणारा म्हणतो, "स्पेलिंग तर बरोबर आहे." स्क्रिप्टच्या पहिल्याच पायरीत सगळी नावं आणि मजकूर युनिकोडच्या 'एनएफसी' या एकाच ठरलेल्या रूपात आणा, प्रश्न मिटतो.

तक्त्यांबद्दल थोडक्यात: जोडलेल्या खणांचा तक्ता साध्या मार्कडाउनमध्ये बसत नाही. असे तक्ते वेगळे मोजा. चार-सहाच निघाले तर एचटीएमएल म्हणूनच राहू द्या.

साचे मात्र वेळ खातात. विकीवरचा 'सूचना', 'जुनं झालं आहे', 'आवृत्ती अमुकपासून' असा प्रत्येक साचा नव्या सिस्टीममधल्या कशात बदलायचा याची यादी करा. वापर मोजून वरचे दहा-बारा नीट बदला, उरलेले साधा मजकूर म्हणून उलगडा. पॅनडॉकमध्ये लुआ भाषेत फिल्टर लिहिता येतात, त्यासाठी ते उत्तम.

## पत्ते

स्प्रेडशीटमधले जुना पत्ता आणि नवा पत्ता हे दोन रकाने आता कामाला येतात. त्यांतून रिडायरेक्टची फाइल स्क्रिप्टनेच बनवा. त्यासाठी एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये 'मॅप' हा निर्देश आहे, अपाचे या सर्व्हरमध्ये 'रिराइटमॅप'. दुसरा 'एचटीॲक्सेस' फायलीत चालत नाही, मुख्य कॉन्फिगमध्येच लिहावा लागतो. होस्टिंगवर तेवढा अधिकार नसेल तर हे आधीच माहीत असलेलं बरं.

कायमच्या बदलासाठी सर्व्हरचा ३०१ हा उत्तर-कोड वापरा. पान जाणूनबुजून टाकलं असेल तर ४१०. ज्याचं काय करायचं ते कळत नाही अशी सगळी पानं मुखपृष्ठावर नेऊन सोडण्याची सवय वाईट. वाचकाला कळत नाही की त्याचं पान गेलं, आणि गूगल अशा रिडायरेक्टला बहुधा ४०४ सारखंच धरतं. पूर्वी एकदा हलवाहलव झालेली असेल तर जुन्या पत्त्यावरून मधल्यावर आणि मधल्यावरून नव्यावर अशी साखळी बनते. साखळी तोडून प्रत्येक जुना पत्ता थेट शेवटच्या ठिकाणी न्या.

पानाच्या आतल्या पत्त्याकडे, म्हणजे हॅश चिन्हानंतरच्या भागाकडे, फार थोडे लोक लक्ष देतात. हा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही, त्यामुळे सर्व्हरवरच्या रिडायरेक्टने तो बदलता येत नाही. ब्राउझर तो जसाच्या तसा नव्या पत्त्याला जोडतो. मीडियाविकीत शीर्षकातले शब्द अंडरस्कोअरने जोडले जातात आणि मोठी अक्षरं मोठीच राहतात. नव्या साधनांपैकी बरीचशी सगळं लहान अक्षरांत करून हायफनने जोडतात. परिणाम असा की पान उघडतं, पण वाचक हव्या त्या परिच्छेदाऐवजी वरच थांबतो. लांबलचक संदर्भ पानावर तो हरवतोच. यावर उपाय एकच: रूपांतर करताना प्रत्येक शीर्षकाला त्याची जुनी ओळख (हॅशनंतरचं नाव) नवीसोबत ठेवून द्या.

शीर्षकं देवनागरीत किंवा इतर लिपीत असतील तर आणखी सावध राहा. स्फिंक्स ज्यावर उभं आहे ते डॉक्युटिल्स रोमनखेरीज इतर लिप्यांतून ओळख बनवू शकत नाही आणि क्रमांक देत जातं: पहिलं, दुसरं, तिसरं. उद्या कोणी मध्ये एक नवं शीर्षक घातलं की खालचे सगळे क्रमांक सरकतात, आणि बाहेरचे दुवे चुकीच्या परिच्छेदावर जाऊन पोचतात. अशा पानांवर प्रत्येक महत्त्वाच्या शीर्षकाला हाताने नाव द्या.

आवृत्तीनुसार डॉक्युमेंटेशन ठेवणार असाल तर 'स्थिर' या अर्थाचा एक न बदलणारा पत्ता बनवा आणि तो नेहमी चालू आवृत्तीकडे वळवा. जुन्या विकीवरचे रिडायरेक्ट या स्थिर पत्त्याकडे जाऊ द्यात, क्रमांकाच्या पत्त्याकडे नको.

## भाषांतरं

गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनाच्या पीओ फायलींत मूळ वाक्य हीच भाषांतराची किल्ली असते. तिरप्या अक्षरांची खूण दोन अपॉस्ट्रॉफींऐवजी तारा झाली, एवढ्यानेही किल्ली बदलते. साधन मग भाषांतराला 'फझी', म्हणजे पुन्हा तपासायला हवं असं, ठरवतं, आणि फझी वाक्यं एरवी तयार पानात घेतलीच जात नाहीत. म्हणजे एकही शब्द न बदलता पूर्ण भाषांतरित पान इंग्रजीत दिसू लागतं. कित्येक वर्षं मेहनत घेतलेल्या भाषांतरकाराला ते बघून काय वाटेल याची कल्पना करा. मूळ मजकुरावर चालवलेलं रूपांतर पीओ फायलींतल्या मूळ आणि भाषांतरित, दोन्ही वाक्यांवर तसंच चालवा. मग किती वाक्यं फझी झाली ते मोजा, आणि प्रत्येक भाषेच्या चमूला साइट सुरू होण्याआधी यादी द्या.

## रंगीत तालीम

चाचणीची साइट पासवर्डमागे ठेवा. सर्च इंजिनला अडवणाऱ्या नुसत्या 'रोबोट्स' फायलीवर विसंबून राहिलात तर तीच फाइल खऱ्या साइटवर जाते आणि सर्च इंजिनला सगळंच बंद होतं. हे वारंवार घडतं.

यंत्राकडून तपासून घ्यायचं ते असं: आतले सगळे दुवे, सगळी चित्रं आणि स्प्रेडशीटमधला प्रत्येक जुना पत्ता अपेक्षित ठिकाणी एकाच उडीत पोचतो का. स्फिंक्समध्ये दुवे तपासण्याची सोय अंगभूत आहे, इतरत्र लायची किंवा लिंकचेकर हे साधन चालतं.

माणसाकडून तपासून घ्यायचं ते वेगळं. सर्वाधिक वाचली जाणारी पन्नास पानं आणि सर्वांत गुंतागुंतीची दहा पानं वाटून घ्या. जुनं पान डावीकडे, नवं उजवीकडे. आणि एकाने तरी इन्स्टॉलेशनचं पान घेऊन कोऱ्या मशीनवर प्रत्येक कमांड पानावरून उचलून चालवायची. वाचून नव्हे, चालवून. माझ्या त्या दोन हायफनच्या वेळी आम्ही हे केलं असतं तर सुरू होण्याआधीच सापडलं असतं.

## बदलाचा दिवस

१. किमान एक दिवस आधी डीएनएसचा टीटीएल, म्हणजे डोमेनचा सर्व्हर कोणता ही नोंद इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत, ३०० सेकंदांवर आणा. जुना टीटीएल ८६४०० असेल तर पूर्ण एक दिवस जाऊ द्यावाच लागतो.

२. जुनी साइट फक्त वाचण्यापुरती करा. मीडियाविकीत कॉन्फिगमधल्या 'रीडओन्ली' सेटिंगमध्ये कारण लिहिलं की संपादन करू पाहणाऱ्याला तेच दिसतं. तिथे नव्या साइटचा पत्ता आणि अंदाजे वेळ लिहा.

३. शेवटची निर्यात, शेवटचं रूपांतर, संख्या जुळवणं. स्क्रिप्ट पुन्हा पुन्हा चालवलेली असेल तर यात काही नवं घडत नाही.

४. पत्ता वळवा, रिडायरेक्टची चाचणी खऱ्या डोमेनवर पुन्हा चालवा, नवा साइटमॅप द्या. एका साइटमॅपमध्ये ५०,००० पत्त्यांची मर्यादा आहे, बहुतेकांना ती लागत नाही.

५. मागे फिरायचं कधी, हे आधी ठरवलेलं असू द्या आणि कोण ठरवणार तेही. नव्या साइटवर संपादन सुरू होईपर्यंतच मागे फिरणं सोपं असतं, म्हणून ते काही तास उशिरा उघडा.

शुक्रवारी संध्याकाळी यातलं काही करू नका.

## त्यानंतरचे आठवडे

पहिले पंधरा दिवस रोज सकाळी ४०४चा लॉग बघा, जास्तीत जास्त वेळा आलेल्या पत्त्यांपासून. मोजदादीत निसटलेलं इथे सापडतं. प्रत्येक पानावर "हे पान सुधारा" हा दुवा ठळक ठेवा आणि जुन्या विकीवर नियमित दुरुस्त्या करणाऱ्यांना एकेक करून कळवा. सामूहिक घोषणा त्यांच्यापर्यंत पोचतेच असं नाही. कोणाला नव्या पद्धतीत अडत असेल तर पहिली दुरुस्ती त्यांच्यासोबत बसून करा. या कामात मला सर्वांत जास्त समाधान इथेच मिळालं आहे: विकीवर वर्षानुवर्षं चुका सुधारणारी एखादी व्यक्ती नव्या सिस्टीममध्ये पहिला बदल करते, तेव्हा.

रिडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं. मी म्हणेन, डोमेन तुमच्याकडे आहे तोवर ठेवा. त्या फायलीला जागा आणि देखभाल नगण्य लागते. जुनी साइट बंद करण्याआधी वेबॅक मशीन या वेब संग्रहात तिची मुख्य पानं साठली आहेत ना ते पाहा, नसतील तर साठवा. पूर्ण निर्यात, अपलोड केलेल्या फायली आणि रूपांतराची स्क्रिप्ट एकत्र करून प्रकल्पाच्या दोन वेगवेगळ्या जागी ठेवा. आणि जुना सर्व्हर बंद करण्याआधी ती बॅकअप एखाद्या कोऱ्या मशीनवर एकदा उघडून, चार पानं त्यातून वाचून बघा.